बँडच्या आधी हॉल निवडा: ब्रिटनचे जुने अल्टरनेटिव्ह बँड प्रत्यक्ष ऐकायला जाताना

ग्लासगोच्या बॅरोलँड बॉलरूममध्ये पहिलं गाणं कानांच्या आधी पायांना कळतं. हा हॉल १९३४ साली नाचासाठी बांधला. १९५८ मध्ये तो जळाला, १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला. खालची लाकडी जमीन नाचणाऱ्यांच्या पायांना त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम लवचीक केलेली आहे, तिला तिकडे स्प्रंग फ्लोअर म्हणतात. हॉलमधली जवळपास १,९०० माणसं एकदम उड्या मारायला लागली की तुम्ही नुसते उभे असलात तरी वर-खाली होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाबरून शेजारच्या गृहस्थांचा दंड धरला होता. साठीचे असतील, अंगात धुऊन धुऊन विरलेला बँडचा टी-शर्ट. त्यांनी वाकून कानाशी सांगितलं, "घाबरू नकोस पोरी, ही जमीन अशीच आहे. तिच्यासाठीच येतो आम्ही."

तोच बँड मी आदल्या वर्षी एका मोठ्या अरीनात, म्हणजे स्टेडियमसारख्या बंदिस्त जागेत, ऐकला होता. तिकीट जवळजवळ दुप्पट, आणि बँड पाहिला तो बहुतेक पडद्यावरच. त्या रात्रीपासून माझा नियम ठरला: आधी हॉल बघायचा, मग तारीख, मग तिकीट. लीड्सला राहायला आल्यापासून मी वर्षाला दहा-बारा गिगना, म्हणजे बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांना, जाते. शिकायला आलेली आपली मुलं आणि सुट्टीत येणारे मित्र मला नेहमी तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

आधी बघा, नेमकं कोण वाजवतंय

पंक, म्हणजे साध्या, वेगवान, बंडखोर रॉकच्या लाटेनंतर, साधारण १९७८ पासून नव्वदीच्या मध्यापर्यंत उभे राहिलेले हे बँड. द क्युअर, न्यू ऑर्डर, एको अँड द बनीमेन, द जीझस अँड मेरी चेन, जेम्स, पल्प, राइड, स्लोडाइव्ह. यातले बरेच आजही फिरतात. पण पोस्टरवरचं नाव आणि स्टेजवरची माणसं यांत फरक असू शकतो, तो तिकिटाआधी समजून घ्या.

द स्मिथ्सचे मूळ चौघे आता कधीच एकत्र येऊ शकत नाहीत. बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणारे, अँडी रूर्क मे २०२३ मध्ये गेले. द स्टोन रोझेसचे बेसिस्ट मानी नोव्हेंबर २०२५ मध्ये गेले. बझकॉक्सचे पीट शेली २०१८ मध्ये. हे लिहिताना वाईट वाटतं, पण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यांना मी हीच नावं ऐकवते. स्मिथ्सची गाणी ऐकायची असतील तर त्यांचा गिटारवादक जॉनी मारचा गिग गाठा. स्वतःच्या गाण्यांबरोबर तो जुनीही वाजवतो, आणि ती गिटार त्याच्याच हातातून येते.

न्यू ऑर्डरची गोष्ट वेगळी. बेसिस्ट पीटर हुक २००७ मध्ये बाहेर पडला. आता एकीकडे न्यू ऑर्डर आहे आणि दुसरीकडे पीटर हुक अँड द लाइट, जो जॉय डिव्हिजन (न्यू ऑर्डरच्या आधीचा त्यांचाच बँड) आणि न्यू ऑर्डरचे जुने अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवतो. दोन्ही बघितल्यावर माझं मत असं: जॉय डिव्हिजनसाठी हुककडे जा, तेही मध्यम आकाराच्या हॉलमध्ये, कारण त्या संगीताचा कणा त्याचा बेस आहे. नाचायचं असेल, प्रकाशाचा खेळ हवा असेल तर न्यू ऑर्डर, आणि मग मोठी जागाही चालते.

आणखी एक खड्डा. द स्मिथ्सची हुबेहूब गाणी वाजवणारा एक ट्रिब्यूट बँड आहे, त्याच्या नावात फक्त आय ऐवजी वाय आहे. उच्चार जवळजवळ तोच, पोस्टर तसंच. ते छान वाजवतात, मीही गेले आहे. पण माझ्या एका मैत्रिणीला तिकीट काढून झाल्यावर कळलं. ज्या बँडची तिकिटं फारच स्वस्त आणि सहज मिळताहेत, त्याचं स्पेलिंग दोनदा वाचा.

दौऱ्यातल्या आधीच्या गिगची गाण्यांची यादी सेटलिस्ट डॉट एफएमवर चाहते त्याच रात्री टाकतात. शेवटच्या चार-पाच रात्री बघितल्या की बँड किती वेळ वाजवतो, जुनं किती आणि नवं किती, सगळं कळतं. मी गाणी वाचत नाही, फक्त मोजते, म्हणजे नवलाई टिकते आणि वेळेचा अंदाजही येतो. हा अंदाज महत्त्वाचा आहे. द क्युअर अडीच-तीन तास वाजवतात. १ नोव्हेंबर २०२४ ला नवा अल्बम आला त्याच रात्री ते लंडनच्या ट्रॉक्सी हॉलमध्ये तीन तासांच्या आसपास स्टेजवर होते. उलट आमच्या लीड्सचा द वेडिंग प्रेझेंट कधीच एन्कोर करत नाही, म्हणजे निरोप घेऊन पुन्हा स्टेजवर येत नाही. शेवटचं गाणं संपलं की संपलं, टाळ्या वाजवत थांबलेली नवखी मंडळी लगेच ओळखू येतात. आणि जीझस अँड मेरी चेन सुरुवातीच्या काळात प्रेक्षकांकडे पाठ करून वीसेक मिनिटांत आटपायचे. १९८५ मध्ये उत्तर लंडनमधल्या एका कॉलेजात त्यावरून दंगल झाली होती. आता ते पूर्ण वाजवतात, काळजी नको.

हॉल कसा निवडायचा

दौऱ्याची तारीखयादी आली की बहुतेक जण आपल्या जवळचं शहर शोधतात. मी उलट करते. यादीत जुनं नाचघर किंवा जुनं सिनेमागृह कुठे आहे ते बघते, आणि तिथे रेल्वेने कसं पोहोचायचं ते नंतर ठरवते.

याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत या देशात गावोगावी भव्य सिनेमागृहं आणि नाचघरं बांधली गेली. टीव्ही आला, ती ओस पडली, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत रॉक बँडांनी त्यांत आसरा घेतला. सिनेमागृहाची जमीन पडद्याकडे उतरती असते, म्हणून मागच्या बुटक्या माणसालाही स्टेज दिसतं. नाचघराची जमीन सपाट पण लवचीक असते, म्हणून अंगात ताल भिनतो. दोन्हींमध्ये प्लास्टर, लाकूड, पडदे, कोरीव छत असतं, त्यामुळे आवाज काँक्रीटच्या डब्यासारखा घुमत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. हा फरक काय असतो ते मला विचारा.

लंडनची ब्रिक्स्टन अकॅडमी हे सिनेमागृहाचं उत्तम उदाहरण. १९२९ साली अ‍ॅस्टोरिया या नावाने उघडलेली ही वास्तू जवळपास ४,९०० माणसं घेते आणि तिची जमीन चांगली उतरती आहे. मी तिथे मागच्या तिसऱ्या भागात, साउंड डेस्कच्या जरा पुढे उभी राहते. स्टेजही दिसतं आणि आवाजही तिथेच सगळ्यात नीट जुळलेला असतो, कारण मिक्स करणारा माणूस तिथेच बसून ऐकत असतो. द स्मिथ्सचा शेवटचा गिग याच स्टेजवर झाला, १२ डिसेंबर १९८६ ला. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र इथे एका कार्यक्रमाच्या वेळी दाराशी चेंगराचेंगरी होऊन दोघांचा जीव गेला. हॉल सव्वा वर्षाहून जास्त बंद राहिला आणि कडक अटींवर एप्रिल २०२४ मध्ये उघडला. त्या रात्री तिकीट नसलेली पुष्कळ माणसं दाराशी जमली होती. म्हणून तळमळून सांगते: हाउसफुल्ल गिगला 'दारात काहीतरी जमेल' म्हणून जाऊ नका.

मँचेस्टरचं अपोलो १९३८ चं, साधारण ३,५०० माणसांचं, आणि पिकॅडिली स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर. तेही मूळ सिनेमागृहच, उतार तिथेही आहे. पीटर स्ट्रीटवरचा अल्बर्ट हॉल मूळचा मेथडिस्ट प्रार्थनामंदिर. वर्षानुवर्षं बंद होता, आता गिग होतात. रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, मागे भला मोठा ऑर्गन आहे. जूनमध्ये तिथे गिग असेल तर सपोर्ट बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधीचा बँड, वाजवत असताना बाहेर ऊन असतं आणि ते त्या काचांतून रंग घेऊन गर्दीवर पडतं. उन्हाळ्यातली तारीख आणि अल्बर्ट हॉल असा योग असेल तर डोळे मिटून तिकीट काढा.

नाचघरांमध्ये बॅरोलँडच्या खालोखाल मला मँचेस्टरचं रिट्झ आवडतं. १९२७ चं, तेही स्प्रंग फ्लोअरचं. ४ ऑक्टोबर १९८२ ला द स्मिथ्स पहिल्यांदा लोकांपुढे वाजवले ते इथे. ब्लॅकपूलची एम्प्रेस बॉलरूम १८९६ ची, छत इतकं देखणं की मान दुखेपर्यंत बघावं. ऑगस्ट १९८९ मध्ये स्टोन रोझेसनी ती गाजवली. नॉटिंगहॅमचं रॉक सिटी १९८० पासून चालू आहे. त्यात देखणं काही नाही, पण स्टेज जवळ आहे आणि प्रेक्षक दिलदार. लंडनच्या कॅमडनमधलं राउंडहाउस तर १८४७ ची रेल्वे इंजिनांची गोल शेड. आत लोखंडी खांबांचं वर्तुळ आहे. त्या खांबाच्या मागे अडकलात तर अर्धं स्टेज गेलं, म्हणून लवकर जा आणि वर्तुळाच्या आत उभे राहा.

अरीना आणि स्टेडियमबद्दल थोडक्यात. ओॲसिससारखा बँड दुसरीकडे कुठे वाजवणारच नसेल तर जा. मँचेस्टरच्या को-ऑप लाइव्हमध्ये २३,५०० माणसं मावतात. अशा ठिकाणी बाजूच्या खालच्या रांगा घ्या, समोरच्या शेवटच्या रांगा नकोत. बाकी पैसे वाचवा आणि दोनदा बॅरोलँडला जा.

बॅरोलँडची थोडी आणखी माहिती, कारण वाचणाऱ्यांपैकी चार जण तरी तिथे जावेत अशी माझी फार इच्छा आहे. ग्लासगो सेंट्रलपासून गॅलोगेटपर्यंत वीस मिनिटं चालायचं. वाटेत अंधार पडला की दुरूनच इमारतीवरची निऑनची पाटी आणि तिच्यातले तारे दिसायला लागतात. हा सगळा परिसर हातगाड्यांच्या बाजाराचा. गाड्या भाड्याने देणाऱ्या मॅगी मॅकायव्हर या बाईंनी तो बाजार उभा केला आणि हे नाचघरही त्यांनीच बांधलं. १९८३ मध्ये सिंपल माइंड्सनी इथे व्हिडिओ चित्रित केला आणि बंद पडल्यात जमा असलेल्या हॉलचे दिवस पालटले. शेजारच्या छोट्या बागेत एक पायवाट आहे. कपाटात उभ्या लावलेल्या रेकॉर्डच्या कडा दिसाव्यात तशा रंगीत पट्ट्या तिच्यात बसवल्या आहेत, आणि प्रत्येक पट्टीवर इथे वाजवून गेलेल्या कुणाचं तरी नाव. दारं उघडायच्या अर्धा तास आधी जा आणि आपला बँड शोधा. मुख्य हॉल वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असेल तर हॉलला आधी इमेल करून सोय विचारा. हे इथल्या सगळ्याच जुन्या इमारतींना लागू आहे. अपंग व्यक्तीबरोबर येणाऱ्या सोबत्याचं तिकीट बऱ्याच ठिकाणी फुकट असतं, पण ते मागावं लागतं.

तिकीट हातात कसं पडतं

बँडच्या स्वतःच्या इमेल यादीत नाव घाला. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. बहुतेक दौऱ्यांची तिकिटं आधी या यादीतल्या लोकांना मिळतात, मग हॉलच्या यादीला, मग सगळ्यांना. ओ-टू नाव लागलेल्या हॉलसाठी त्या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना ४८ तास आधी खिडकी उघडते. शिकायला आलेल्या मुलांनी सिम घेताना हे लक्षात ठेवावं.

सर्वसाधारण विक्री बहुधा शुक्रवारी सकाळी नऊ किंवा दहाला सुरू होते. भारतातून काढणार असाल तर वेळेचा घोळ घालू नका. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, इथले सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच. हिवाळ्यात साडेतीन. आदल्या दिवशी खातं उघडा, पत्ता आणि कार्ड भरून ठेवा, आणि परदेशी व्यवहार बँकेतून चालू करून घ्या. ओटीपी येणारा फोन चार्ज केलेला आणि हाताशी हवा. ऐन वेळी ओटीपीसाठी ताटकळताना तिकिटं सुटलेली मी स्वतः पाहिली आहेत. माझा भाऊ पुण्याहून प्रयत्न करत होता, मी इकडून फोनवर, आणि दोघांचाही जीव टांगणीला.

भारतातून येणाऱ्यांना आणखी एक: तिकिटं बऱ्याचदा गिगच्या सहा-आठ महिने आधी विकली जातात, आणि पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. म्हणजे क्रम आपोआप ठरतो. आधी गिगचं तिकीट, मग व्हिसा, विमानाचं परत न मिळणारं तिकीट सगळ्यात शेवटी. व्हिसा नाही मिळाला तर गिगचं तिकीट मूळ किमतीला विकता येतं, विमानाचं येत नाही.

किमतीबद्दल सावध राहा. ऑगस्ट २०२४ मध्ये ओॲसिसच्या पुनर्मीलनाची तिकिटं निघाली तेव्हा तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबलेल्या लोकांना शेवटी सुमारे १३५ पौंडांचं उभ्याचं तिकीट ३५५ पौंडांना दिसलं. इतका गहजब झाला की सरकारी स्पर्धा नियामकाने चौकशी केली. उलट द क्युअरचा गायक रॉबर्ट स्मिथ याने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात मागणीप्रमाणे भाव चढवायला साफ नकार दिला, आणि शुल्कच तिकिटापेक्षा जास्त लागतंय म्हणून टिकेटमास्टर या तिकीटविक्री कंपनीशी जाहीर भांडण केलं. कंपनीने लोकांना पाच आणि दहा डॉलर परत केले. रक्कम छोटी, पण त्या दिवशी मला माझ्या बँडचा अभिमान वाटला. तुम्ही आपल्या मनाशी वरची मर्यादा ठरवा, कागदावर लिहा आणि पडद्यावरचे आकडे धावायला लागले की कागदाकडे बघा. 'प्लॅटिनम' असं लिहिलेलं तिकीट दिसलं तर जास्त पैशांत जास्त काय मिळतंय ते वाचा. बऱ्याचदा काहीच नसतं.

तिकिटावर 'स्टँडिंग' असेल तर तळमजल्यावर उभं राहायचं, 'सर्कल' किंवा 'बाल्कनी' असेल तर वर, बहुधा नंबरच्या खुर्चीवर. मुलांना नेणार असाल तर वयाची अट बघा. बहुतेक ठिकाणी १४ वर्षांखालच्या मुलांना उभ्याच्या भागात सोडत नाहीत.

तिकीट हुकलं तर

एकदा समाजमाध्यमावरच्या एका गटात मला एकाने हाउसफुल्ल गिगचं तिकीट देऊ केलं. बोलणं गोड, किंमत मूळचीच. मी बँकेत पैसे पाठवले, त्याने तिकिटाच्या क्यूआर कोडचं चित्र पाठवलं. दारातल्या मशीनने लाल दिवा दाखवला. ते एकच चित्र त्याने आणखी कितीतरी जणांना विकलेलं होतं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीच्या फोनवरही तोच कोड होता. आम्ही दोघी भिंतीबाहेर उभ्या राहून पहिली तीन गाणी ऐकली आणि घरी गेलो. तेव्हापासून चित्र पाठवून विकलेलं तिकीट मी घेत नाही, कुणी कितीही ओळखीचं असल्याचं सांगो.

खात्रीचे मार्ग तीन. ट्विकेट्ससारख्या ठिकाणी चाहते मूळ किमतीला तिकिटं विकतात, तिथे आपल्या गिगची सूचना लावून ठेवा. डाइस ॲपवर विकलेल्या तिकिटांसाठी तिथल्याच प्रतीक्षायादीत नाव घाला. कुणी परत केलं की ते पुढच्याला जातं, आणि कोड फोनलाच बांधलेला असल्यामुळे फसवणुकीला वाव कमी. तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त वेळा फळला आहे: गिगच्या आठवड्यात आणि त्या दिवशी दुपारी मूळ विक्रेत्याचं पान पुन्हा पुन्हा बघणं. स्टेज, कॅमेरे, साउंड डेस्क किती जागा घेणार ते पक्कं होईपर्यंत काही तिकिटं राखून ठेवलेली असतात. मांडणी ठरली की ती गुपचूप विक्रीला येतात. दुपारी तीन-चारला मी अशी चार वेळा तिकिटं मिळवली आहेत.

दुप्पट-चौपट भावाने विकणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नका. फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय पुन्हा विकणं इथे १९९४ पासून गुन्हा आहे, संगीताला मात्र ते संरक्षण नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने पुनर्विक्रीवर बंदी आणण्याचा बेत जाहीर केला. फार उशीर झाला, पण झालं ते बरं झालं.

गिगचा दिवस

पाठपिशवी घरी ठेवा. बऱ्याच हॉलमध्ये ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. ओळखपत्र घ्या, कार्ड घ्या, कारण बारवर नोटा चालतीलच असं नाही. जाड कोट असेल तर क्लोकरूमचे (कोट ठेवायच्या खोलीचे) पैसे द्या आणि सुटा. डिसेंबरातही आत घाम येतो. शूज बंद आणि जुने. ग्लासांतली बिअर जमिनीवर सांडणार हे गृहीत धरा.

दारं सातला उघडली तर सपोर्ट बँड पावणेआठच्या आसपास, मुख्य बँड नऊच्या सुमारास, आणि अकराला बंद. नक्की वेळा हॉल त्या दिवशी दुपारी जाहीर करतो. सपोर्ट बँड चुकवू नका. हे जुने बँड आपल्या आवडीची नवी मुलं स्वतः निवडून बरोबर आणतात, माझे अर्धे नवे बँड मला असेच भेटले.

कानांबद्दल मी हट्टी आहे. गिगमधला आवाज १०० डेसिबलच्या घरात सहज जातो. कामाच्या ठिकाणी सरासरी ८५ डेसिबल आठ तास झालं की इथल्या कायद्याने कानांचं संरक्षण सक्तीचं होतं. दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. म्हणून बारवरच्या मुलांच्या कानांत बोळे दिसतात. फोमचे स्वस्त बोळे वरचे सूर खातात आणि सगळं उशीखालून आल्यासारखं लागतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. वीसेक पौंडांत मिळतात आणि आवाज फक्त लहान करतात, गढूळ करत नाहीत. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या २००८ च्या राउंडहाउस गिगना तर दारातच इअरप्लग वाटले होते. ते बघायचा योग आला तर घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

पुढे जायचं असेल तर बाजूने जा, मधून नाही. स्टेजसमोर मधोमध सगळ्यात जास्त ढकलाढकली असते. तिथे पन्नाशीचे काका-काकूही वीस वर्षांचे होतात. कुणी पडलं तर आजूबाजूचे लगेच उचलतात, हा इथला न लिहिलेला नियम आहे, तुम्हीही पाळा. आणि फोनवर पूर्ण गाणं चित्रित करू नका. मागच्याने तितकेच पैसे दिलेत.

परत येण्याचं आधी ठरवा

क्युअरसाठी एकदा मी दुसऱ्या शहरात गेले आणि शेवटची गाडी साडेअकराची आहे एवढंच बघितलं. एन्कोर संपायच्या आत निघायला मन धजेना. मग पहाटे पाचपर्यंत स्टेशनबाहेरच्या बाकावर, कुडकुडत. म्हणून आता तिकीट काढतानाच शेवटची गाडी बघते. गिगच्या संभाव्य शेवटापासून तिच्यात ४५ मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तर त्याच दिवशी स्वस्त खोली आरक्षित करते. मोठ्या गिगच्या रात्री खोल्यांचे भाव आठवड्याआठवड्याने चढतात. रविवारी आणि रुळांच्या दुरुस्तीच्या दिवशी शेवटची गाडी नेहमीपेक्षा लवकर सुटते, हेही तपासा.

लंडनमध्ये शुक्रवार-शनिवार रात्रभर ट्यूब (भुयारी रेल्वे) चालते, पण पाचच मार्गांवर. त्यात व्हिक्टोरिया आणि नॉर्दर्न आहेत, म्हणून ब्रिक्स्टन आणि कॅमडन सोपं. ट्रॉक्सी लाइमहाउसला, तिथली डीएलआर ही हलकी रेल्वे रात्रभर नसते, तेव्हा रात्रीची बस आधी शोधून ठेवा.

मँचेस्टरला एक दिवस जास्तीचा ठेवा

गिग मँचेस्टरला असेल तर दुसरा दिवस पायी फिरायला ठेवा. पीटर स्ट्रीटवर, अल्बर्ट हॉलपासून काही पावलांवर, फ्री ट्रेड हॉलची जुनी दर्शनी भिंत उभी आहे. आत आता हॉटेल आहे. ४ जून १९७६ ला वरच्या छोट्या सभागृहात पंक बँड सेक्स पिस्टल्स वाजवले तेव्हा चाळीसेक माणसं होती म्हणतात. पण त्यांत पीटर हुक होता, न्यू ऑर्डरचा बर्नार्ड समनर होता, द स्मिथ्सचा गायक मॉरिसी होता, आणि तो कार्यक्रम भरवणारे बझकॉक्सचे पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो होते. तिथून व्हिट्वर्थ स्ट्रीट वेस्टला या. रिट्झ तिथेच, आणि त्याच रस्त्यावर जिथे १९८२ ते १९९७ हासिएंडा क्लब होता तिथे आता त्याच नावाचे फ्लॅट आहेत. मग साल्फर्ड लॅड्स क्लब. १९०४ साली उघडलेला हा मुलांचा क्लब, याच्या दारात द स्मिथ्सचा तो प्रसिद्ध फोटो काढला. आत त्यांच्या आठवणींची एक खोलीच आहे, भिंतीभर चाहत्यांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या. २०२४ मध्ये क्लब बंद पडायची वेळ आली तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तो वाचवला. क्लब अजूनही मुलांसाठी चालतो, म्हणून उघडण्याच्या वेळा बघून जा आणि डब्यात पाच-दहा पौंड टाका.

सगळीच ठिकाणं वाचत नाहीत. लंडनचं अ‍ॅस्टोरिया (ब्रिक्स्टनचं नव्हे, वेगळं) २००९ मध्ये रेल्वेसाठी पाडलं. शेफील्डचं लेडमिल, जिथे पल्प सुरुवातीला वाजवायचे, जागामालकाशी चाललेल्या खटल्यानंतर जून २०२५ मध्ये बंद झालं. म्हणून जवळच्या छोट्या हॉललाही जात राहा. आमचं लीड्सचं ब्रुडनेल सोशल क्लब काही शेकडा माणसांचं आहे, स्टेज गुडघ्याएवढं, आणि गिगनंतर गायक स्वतः टी-शर्टच्या टेबलामागे उभा असतो. टी-शर्ट तिथूनच घ्या. बँडचं पोट आता त्यावर आहे.

आई-बाबांना नेणार असाल तर

सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा घरात कंटाळतात. त्यांना न्या. पण वरच्या बाल्कनीचं, खुर्चीचं, रांगेच्या टोकाचं तिकीट काढा, इअरप्लग त्यांच्यासाठीही घ्या, घरातून जेवूनच निघा आणि सपोर्ट बँडच्या मधल्या वेळात पोहोचा.

माझी आई सांगलीची. गेल्या वर्षी तिला अपोलोला नेलं. दोन बँडांच्या मधल्या वेळात हॉलमधल्या स्पीकरवर कॉर्नरशॉप या बँडचं ते १९९७ चं 'ब्रिमफुल ऑफ आशा' लागलं, आणि खालच्या गर्दीतले हजारभर गोरे काका-काकू एका सुरात 'आशा' म्हणून गायला लागले. आईने कानातला एक प्लग काढला.

"ही कोण आशा गं?"

"आपलीच. आशाताई. त्यांच्यावरच लिहिलंय ते."

तिने खाली वाकून एकदा सगळी गर्दी बघितली. "सांगलीची आहे म्हणावं ती," म्हणाली, आणि पुढचा बँड येईपर्यंत प्लग हातातच धरून बसली.